मनगटापाशी अडवलेले पाणी

पाणबुड्याचे अंग कोरडे ठेवण्याची युक्ती माणसाला १८३०च्या दशकातच साधली होती. लंडनमध्ये स्थायिक झालेले जर्मन कारागीर ऑगस्टस सीबे यांनी तांब्याचे शिरस्त्राण आणि रबर लावलेल्या कापडाचा अंगभर पोशाख एकमेकांना जोडून बंद केला. पोर्ट्समथजवळ बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेवर १८३९ ते १८४३ या काळात जे मोठे काम चालले, त्यात या पोशाखाची पारख झाली. डोके कोरडे, छाती कोरडी, पाय कोरडे. पंजे मात्र रबराच्या घट्ट बाहीतून बाहेर काढून थेट समुद्रात. हा विसरभोळेपणा नव्हता. पाणबुड्याला खाली धाडायचे तेच मुळी हातांसाठी: दोर बांधायला, गढूळ पाण्यात चाचपडायला, पाचर ठोकायला. बोटांची जाण गेली तर त्याला खाली पाठवून करायचे काय? म्हणून बोटांना गारठा सोसावा लागला. ऊब हवी की जाण, हा तेव्हाचा व्यवहार आजच्या डायव्हरच्या मानगुटीवरूनही उतरलेला नाही. थंड पाण्यासाठी कोरडे हातमोजे निवडताना जे वाद होतात, ते वरकरणी रिंग, रबर आणि किमतीचे असले तरी त्यांच्या तळाशी हाच व्यवहार असतो.

मराठी वाचकाची स्कूबाशी ओळख होते ती बहुधा मालवण-तारकर्लीला, नाहीतर गोव्याच्या ग्रँड आयलंडपाशी. तिथले पाणी कोमटच म्हणायचे. हातमोज्यांची गरज नाही, आणि प्रवाळाला हात लावण्याचा मोह होऊ नये म्हणून ते न घातलेलेच बरे. पण स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांच्या मधोमध, स्कापा फ्लो नावाचा चहूबाजूंनी बेटांनी वेढलेला समुद्राचा तुकडा आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथे नजरकैदेत ठेवलेला जर्मन नौदलाचा ताफा त्याच्याच अधिकाऱ्यांनी २१ जून १९१९ रोजी बुडवला. ७४ पैकी ५२ जहाजे तळाला गेली. पुढे बरीचशी भंगारासाठी वर काढली गेली, तरी ‘मार्कग्राफ’, ‘क्योनिग’ आणि ‘क्रोनप्रिंझ विल्हेल्म’ या तीन अवाढव्य युद्धनौका आणि चार क्रूझर अजून तिथेच आहेत, आणि त्या पाहायला जगभरचे डायव्हर येतात. युद्धनौका ४०-४५ मीटरपर्यंत खोल आहेत. पाणी वसंत ऋतूत सात-आठ अंश सेल्सिअस, उन्हाळा सरता सरता तेरा-चौदा. खोली, गारठा आणि गंजलेले धारदार लोखंड या तिन्ही गोष्टी इथे एकत्र भेटतात, म्हणून हातमोज्यांच्या निवडीचा विचार करायला ही जागा सोयीची आहे.

सात अंश म्हणजे फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या बाटलीएवढे गार. पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते, आणि हात हा अवयव तर जणू उष्णता घालवायलाच घडलेला: वजन थोडे, पृष्ठभाग भरपूर. अंगात थंडी शिरू लागली की शरीर हृदय-फुप्फुसांची कड घेते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून टाकते. जिथून ऊब सर्वांत जास्त गळते तिथलाच पुरवठा आधी तोडला जातो. ब्रिटिश वैद्यक संशोधक थॉमस लुईस यांनी १९३० साली दाखवून दिले की बर्फाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटांत काही मिनिटांनी रक्त पुन्हा धावते, मग आटते, मग पुन्हा धावते. पण या आवर्तनाच्या भरवशावर राहता येत नाही, कारण अंगच गार पडले असेल तर तेही मंदावते. बोटांच्या कातडीचे तापमान साधारण १५ अंशांखाली उतरले की बारीकसारीक कामे अडखळू लागतात. आठच्या आसपास स्पर्श बोथट होतो. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. बोटे वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगट यांच्या मधे असतात. तिथून लांब दोऱ्यांसारख्या कंडरा बोटांपर्यंत जातात आणि कळसूत्री बाहुलीसारखी बोटे हलवतात. त्यामुळे पंजा उबदार असूनही मनगटावरचा भाग गारठला, तर मूठ सैल पडते. हात आखडता घेणे हा वाक्प्रचार इथे शब्दशः खरा होतो, फक्त घेणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध. मनगटावरच्या या भागाकडे पुढे परत यावे लागणार आहे.

हात बधिर झाल्याने बिघडते काय, असे कोणी विचारील. खाली जाऊन बघायचे तर आहे. पण थंड पाण्यात हातांना काम नेमके तेव्हाच पडते, जेव्हा यंत्रेही थंडीने बिघडतात. सिलिंडरमधला दाबाखालचा वायू श्वास पुरवणाऱ्या रेग्युलेटरमधून सुटताना प्रसरण पावतो आणि गार होतो. भोवतीचे पाणी आधीच गार असेल तर झडपेपाशी बर्फ धरतो, झडप उघडीच राहते आणि वायू भसाभसा वाहू लागतो. श्वसनसाधनांसाठीचे युरोपीय मानक ‘ईएन २५०’ दहा अंशांखालच्या पाण्याला थंड पाणी मानते आणि त्यासाठीच्या रेग्युलेटरची चाचणी चार अंशांवर घेते, ती याच भीतीने. असे झाले तर डायव्हरने मानेमागे हात नेऊन त्या सिलिंडरची गोल चावी फिरवून बंद करायची असते आणि दुसऱ्या रेग्युलेटरवर जायचे असते. अंग कोरडे ठेवणाऱ्या ड्रायसूटमध्ये हवा भरणारी झडप अडकली तर छातीवरची नळी झटक्यात उपसून काढायची असते. ही कामे जाडजूड हातमोज्यात, न बघता, काही सेकंदांत करायची. बिघाड तिथेच निस्तरावा लागतो, कारण ४० मीटरवर बराच वेळ घालवलेल्या डायव्हरला सरळ पृष्ठभागावर येण्याची मुभा नसते. अंगात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून वाटेत थांबे घ्यावे लागतात.

गारठ्यावरचा सर्वांत साधा उपाय म्हणजे निओप्रीनचा ओला हातमोजा. निओप्रीन म्हणजे सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले रबर. पाणी आत शिरते, पण ते फारसे खेळते राहत नाही, आणि ऊब त्या बुडबुड्यांमुळे टिकते. याला जुनाट म्हणून मोडीत काढू नये. आइसलंडमध्ये थिंगवेट्लिर राष्ट्रीय उद्यानात सिल्फ्रा नावाची प्रसिद्ध भेग आहे. हिमनदीचे पाणी लाव्हाच्या खडकांतून झिरपत तिथे येते आणि बारमाही दोन ते चार अंश असते, म्हणजे स्कापा फ्लोहून पुष्कळ गार. तिथे ड्रायसूट सक्तीचा आहे, तरी पर्यटकांच्या हातात बहुधा जाड निओप्रीनचे मोजेच असतात, आणि तेवढ्याने भागते. खोलीची मर्यादा १८ मीटर, फेरी साधारण अर्ध्या तासाची, आणि शेवटी बाहेर पडायला पायऱ्या. बोटे बधिर झाली तर झाली. तोच हातमोजा ‘मार्कग्राफ’वर नेला तर? ४० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट असतो; बुडबुडे चेपतात, सात मिलिमीटरचे निओप्रीन पातळ होते आणि ऊब हवी तिथेच कमी पडते. त्यानंतर थांब्यांवर नुसते लटकून राहायचे. तरीही ओल्या हातमोज्याचा एक गुण मान्य करायला हवा: तो दगा देत नाही. फाटला तरी आधी ओलाच होता. त्याची ऊब हळूहळू उतरते आणि डायव्हरला ते कळत राहते.

कोरड्या हातमोज्याचे तसे नाही. तो असतो तेव्हा पूर्ण असतो आणि जातो तेव्हा एकदम जातो. रचना साधी आहे: बाहेर पाणी न शिरणारे कवच, आत लोकरीचे किंवा फ्लीसचे अस्तर, आणि कवच ड्रायसूटच्या बाहीला जोडण्याची सोय. ऊब देते ती अस्तरात अडकलेली हवा. कवचाचे काम फक्त पाणी बाहेर ठेवायचे. जोडणीचे प्रकार मात्र पुष्कळ. सर्वांत रुळलेल्या प्रकारात एक कडक रिंग बाहीत कायमची बसवलेली असते आणि दुसरी हातमोज्यात. दोन्ही एकमेकींत दाबून किंवा फिरवून बसतात आणि मधे एक रबरी ओ-रिंग पाणी अडवते. प्रेशर कुकरच्या झाकणातली रिंग ज्यांनी कधी धुऊन परत बसवली आहे त्यांना यातले सारे मर्म ठाऊक आहे. ती स्वच्छ हवी, चिरलेली नको, आणि तिच्यावर केस किंवा धागा राहिला तरी सगळे मुसळ केरात. दुसऱ्या प्रकारात रिंग एकच असते आणि हातमोज्याची लवचीक कड तिच्यावर ताणून चढवतात. तिसऱ्यात हातमोजा बाहीला कायमचाच चिकटवलेला असतो. चौथ्यात रिंगच नाही. हातमोज्याला स्वतःचे लॅटेक्सचे मनगट असते आणि ते सूटच्या मनगटावर चढते.

खरेदी करणाऱ्यांचे बहुतेक बोलणे या रिंगांभोवतीच फिरते. कोणती लवकर बसते, कोणती एका हाताने बसते, कोणती दणकट. पाठोपाठ प्रश्न येतो तो उबेचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे. पहिला प्रश्न असा असावा: तळाशी, परतीच्या वाटेपासून सर्वांत लांब असताना हातमोज्याला भोक पडले, तर पाणी कुठवर येईल? म्हणजे रिंगच्या मागे, मनगटावर, सूटचे स्वतःचे सील शाबूत आहे की नाही. ते असेल तर पंजा भिजतो आणि पाणी मनगटापाशी अडते. नसेल तर पाणी बाहीत शिरते, कोपर गाठते आणि मग धडाच्या आतल्या कपड्यांकडे वळते. ऊब, सोय, किंमत यांचा विचार या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर करावा. हे म्हणणे वाटते तितके सर्वमान्य नाही, आणि त्याला होणारा विरोध पोकळही नाही.

विरोधाचे मूळ भौतिकशास्त्रात आहे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली मांडलेला नियम शाळेत सगळेच शिकतात: दाब दुप्पट झाला की वायूचे आकारमान निम्मे. समुद्रात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. हातमोज्यातली हवा दहा मीटरवर निम्मी होते, तीसवर पाव, चाळीसवर पाचवा हिस्सा. ड्रायसूटमध्ये हे भरून काढायला डायव्हर छातीवरचे बटण दाबून हवा सोडतो. पण मनगटाचे सील घट्ट असेल तर ती हवा पंजापर्यंत पोचतच नाही. हातमोजा आतल्या आत चेपत जातो, कवचाच्या वळ्या बोटांना चिमटे काढतात आणि अस्तर दाबले जाऊन त्यातली हवा नाहीशी होते. ज्या हवेसाठी एवढा खटाटोप केला तीच उरत नाही. एरवी डायव्हर सीलखाली बोट घालून हवा पुढे सरकवू शकला असता, पण हातमोजा चढवल्यावर तिथवर बोट पोचत नाही. घट्ट सील हातमोज्याला निकामी करते, आणि सैल सील हे सीलच नव्हे.

यावर डायव्हरांनी काढलेली तोड कोणाही घरगुती कारागिराला पटेल अशी आहे. सीलखालून एक बारीक नळी सारायची, वैद्यकीय वापराच्या रबरी नळीचा बोटभर तुकडा किंवा नुसती जाडसर लोकरीची दोरी, म्हणजे हवा हळूहळू ये-जा करते. हात छातीपेक्षा वर उचलला की हवा पंजात चढते, खाली केला की परत जाते. अर्धा मीटर उंचीचा फरकही त्याला पुरतो. फार वेळ हात वर राहिला तर हातमोजा फुगून बोटे त्याच्या टोकांतून मागे सरकतात, ही त्याची किंमत. पण मग सील कशाला ठेवायचे, असा टोला इथे हाणला जातो: जिथून हवा जाते तिथून पाणीही जाणारच. हे खरे आहे, पण किती जाणार हा प्रश्न उरतोच. गळक्या नळाखाली घागर भरायला लागणारा वेळ आणि विहिरीत घागर बुडवायला लागणारा वेळ यांत जो फरक, तो इथे आहे. नळी जितकी बारीक तितका वेळ हाताशी जास्त. खाली लक्षात आल्यापासून वर येईपर्यंतची मिनिटे विकत घ्यायची आहेत, सूट कायमचा कोरडा ठेवायचा नाही. नळी मनगटाच्या आतल्या बाजूला न ठेवता पाठीकडे ठेवावी, कारण आतल्या बाजूला कंडरा उठून दिसतात आणि मूठ वळताना तिथेच सीलखाली खाचा पडतात.

काही जण नकळत आपलेच सील निकामी करून बसतात. ड्रायसूटच्या आत घालायच्या उबदार कपड्यांच्या बाह्यांना पुष्कळदा अंगठ्यात अडकवायची पट्टी असते. ती अंगठ्यात अडकवली की कापड सीलखालून जाते, हवा छान खेळते आणि हातमोजा उत्तम वाटतो. हातमोजा फुटला की तेच कापड वातीसारखे पाणी आत ओढते. मुद्दाम ठेवलेली बारीक नळी आणि चुकून राहिलेली ही वात, दोन्ही एकाच जागी असतात. एकीचे माप माहीत असते, दुसरीचे नसते.

विरोधी पक्षाचे दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे. मनगटाचे सील काढूनच टाका, असे ते सांगतात. लॅटेक्सचा पट्टा रक्त आवळतो आणि म्हणूनच बोटे गार पडतात. सील नसेल तर रक्त मोकळे वाहते, हवा आपोआप समतोल राहते, चढवणे-उतरवणे सोपे जाते. यातला शब्दन् शब्द खरा आहे. आखूड मापाचे सील बोटांना नक्कीच गारठवते. पण त्यावरचा उपाय सील मापाचे करणे हा आहे. कासार हात दाबून पाहतो आणि मगच बांगडीचे माप ठरवतो; ड्रायसूटचे लॅटेक्सचे सीलही कडेने कापून प्रत्येकाच्या मनगटाला जुळवायचे असते, आणि सिलिकोनचे सील मुळातच मऊ असते. उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळ, थांब्यांची सक्ती नसलेल्या डुबकीत सील न ठेवण्याचा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. भोक पडले तर वर यायचे आणि चहा प्यायचा. पण खोल, थंड आणि बुडालेल्या जहाजांवरच्या डुबकीत सील काढणे म्हणजे सगळ्या सूटची शेवटची भिंत एका पातळ हातमोज्याच्या भरवशावर सोडणे. आणि तीही कुठे, तर शरीराच्या अशा भागावर जो सारखा कशाला ना कशाला लागत असतो. शंभर वर्षे गंजलेल्या पोलादाला धरून स्वतःला सावरायचे असेल तर पाठ किंवा पोटरी पुढे येत नाही, हातच येतो.

हातमोज्याला भोक पडल्यावर नेमके काय होते याबद्दलही गैरसमज आहेत. सूटमध्ये पाणी शिरले की डायव्हर दगडासारखा बुडतो, ही समजूत चुकीची आहे. पाण्यात पाण्याला वजन नसते. तरंगणे कमी होते ते गेलेल्या हवेमुळे, आणि ते तरंगण्यासाठीच्या जॅकेटमधल्या हवेने सावरता येते. जड जाते ते बोटीच्या शिडीवर चढताना, तेव्हा आतल्या पाण्याचा प्रत्येक लिटर एक किलो होऊन पायांना लोंबतो. पाण्याखालचे खरे संकट उबेचे आहे. शिवाय भोक कळतेही हाताच्या उंचीवरून. हात वर असताना त्यातून बुडबुडे निघतात, खाली असताना पाणी आत येते. मनगटावर सील नसेल तर हे पाणी बाहीतून सरळ त्या स्नायूंवर येते ज्यांच्या जोरावर बोटे हलतात. पंजा भिजला तर एक हात निम्मा कामातून जातो. मनगटावरचा भाग भिजला तर उरलेला निम्माही. सीलचे महत्त्व इथे आहे. पंजा त्याच्याने वाचत नाही, पण पंजा हलवणारे यंत्र काही काळ वाचते. ओल्या अस्तरातही लोकर थोडीफार ऊब धरून राहते, सुती कापड अजिबात धरत नाही, म्हणून अस्तर निवडताना लोकरीचा विचार आधी करावा. पावसात भिजलेली घोंगडी पांघरूनही धनगर मेंढरांमागे रात्र काढतो, ते याच गुणावर.

असे प्रसंग कितीसे येतात, हा पुढचा आक्षेप. बहुतेक डुबक्यांत हातमोजे कोरडेच राहतात. मग क्वचित घडणाऱ्या गोष्टीवर रोजची निवड का बेतायची, आणि रोजच्या उबेत, सोयीत खोट का सोसायची? हिशेब सरासरीचा असता तर आक्षेप टिकला असता. पण इथे दोन पारड्यांत सारख्या जातीच्या गोष्टी नाहीत. एकीकडे चढवताना लागणारी दोन जास्तीची मिनिटे आणि थोडीशी चिमट्यांची कटकट. दुसरीकडे थांब्यांवर लटकलेला, अर्धे अंग भिजलेला, मूठ न वळणारा माणूस. शिवाय ‘क्वचित’ हा शब्द सगळ्या पाण्यांना सारखा लागू होत नाही. वाळूच्या तळावर मासे पाहणाऱ्याचा हातमोजा वर्षानुवर्षे टिकेल. जहाजांच्या पत्र्यांतून, समुद्री साळूंच्या काट्यांजवळून फिरणाऱ्याने मोजा फुटेल हे धरूनच चालावे.

म्हणून कवच कशाचे हा प्रश्नही मी त्याच कसोटीवर घासून पाहीन. लॅटेक्सचे कवच पातळ, ताणणारे, बोटांना जाण ठेवणारे, पण लवकर फाटते. मासेमारीसाठी आणि कारखान्यांसाठी बनवलेले पीव्हीसीचे हातमोजे जाडजूड, स्वस्त आणि दणकट. गारठ्यात मात्र ते ताठर होतात. त्यांचा निळा रंग पाहून डायव्हर गमतीने त्यांना कार्टूनमधल्या स्मर्फचे मोजे म्हणतात. जहाजांवर पीव्हीसी, हे माझे उत्तर. स्वस्त असण्याचा फायदाही किमतीपुरता नाही: कवच आणि अस्तर वेगवेगळे असले, कवच रिंगेवरून काढून दुसरे चढवता आले, तर फाटलेला मोजा मनात न घुटमळता फेकता येतो. महागडा, एकसंध हातमोजा माणूस ठिगळ लावून अजून एकदा, अजून एकदा वापरत राहतो. अस्तराच्या जाडीबाबत लोभ आवरावा. कवचात अस्तर ठासून भरले की त्यातली हवाच जाते आणि बोटे वळत नाहीत. कोरडा हातमोजा गुबगुबीत हवा, गच्च नको. आणि तो घालून मानेमागची चावी फिरते का, छातीवरची नळी निघते का, मुखवटा काढून परत चढतो का, कडीचे आकडे लागतात का, हे आधी जमिनीवर आणि मग उथळ पाण्यात करून पाहावे. जे जमत नाही ते जमेपर्यंत अस्तर पातळ करत यावे. सीबे यांच्या काळचा व्यवहार इथे पुन्हा दारात येतो, फक्त आता तो मिलिमीटरमध्ये मोजता येतो.

मग बॅटरीवर तापणारे हातमोजे का नकोत? तेही आले आहेत, आणि लांब डुबक्यांत ते वरदान ठरतात. पण त्यांच्याबाबत एक सावधगिरी अमेरिकन नौदलाच्या प्रयोगांतून मिळते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत डायव्हरांना तळाशी असताना आणि वर येताना निरनिराळ्या तापमानांच्या पाण्यात ठेवले होते, एक ३६ अंशांचे, एक २७चे. तळाशी ऊब आणि वर येताना गारठा मिळालेल्यांना नायट्रोजनच्या बुडबुड्यांमुळे होणारा आजार जास्त झाला. उलट क्रमात तो फारच कमी झाला. कारण सरळ आहे. ऊब असली की रक्त मोकळे वाहते आणि ऊती नायट्रोजन भराभर शोषतात. मग गारठा आला की वाहिन्या आवळतात आणि तोच वायू बाहेर निघायची वाट अरुंद होते. ते प्रयोग सगळ्या अंगाच्या तापमानाचे होते, फक्त हातांचे नव्हेत, हे विसरू नये. तरी तळाशी बॅटरी पूर्ण जाळून थांब्यांवर ती संपवणे हा शहाणपणा नव्हे, एवढे त्यातून नक्की निघते. शिवाय तापणाऱ्या हातमोज्यात पाणी शिरले की तारा भिजतात. म्हणजे ऊब यंत्राची असो वा लोकरीची, रिंगेमागचे सील पुन्हा विचारात घ्यावेच लागते.

सीलचे महत्त्व सर्वांत उघड होते ते आणखी गार पाण्यात. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंडमध्ये जाड बर्फाला पाडलेल्या भोकातून खाली जाणारे संशोधक उणे १.८ अंशांच्या पाण्यात काम करतात. गोडे पाणी असते तर ते गोठूनच गेले असते. तिथे कोरड्या हातमोज्यांवाचून नमुने गोळा करणे, जाळ्या बांधणे, कॅमेऱ्याचे बटण दाबणे अवघडच. तिथे वर यायची वाट बर्फातल्या भोकातूनच. म्हणून हातमोजा फुटल्यावर तिथवर पोचेपर्यंत मूठ वळती राहते का, याला तिथे फार महत्त्व.

राहता राहिली ती रिंग, जिच्यापासून बहुतेक जण सुरुवात करतात. दाबून बसणारी रिंग चटकन लागते, पण जहाजाच्या फटीत अडकून ती निसटणार नाही याची खात्री करून घ्यावी. फिरवून अडकणारी सुरक्षित, पण दुसरा हातमोजा चढवताना पहिल्या, आधीच बोजड झालेल्या हाताने ती फिरवावी लागते. डुलणाऱ्या बोटीवर ही कसरत जमली नाही तर जोडीदार लागतो, आणि जोडीदाराने बसवलेली रिंग आपण पाहू शकत नाही. म्हणून दोघांनी एकमेकांच्या रिंगेवरून बोट फिरवून धागा, वाळू किंवा अस्तराची कड मधे आलेली नाही ना, हे पाहावे. किनाऱ्यावर परतल्यावर हातमोजे आतून वाळवावेत, आणि पुढच्या डुबकीच्या आदल्या रात्री रिंगेतून तोंडाने हवा भरून, तोंड आवळून, बादलीत धरावेत. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधायची आपली रीत ती हीच. बोटांच्या मधल्या बेचक्यांकडे नीट पाहावे. पहिला बुडबुडा पुष्कळदा तिथूनच येतो, तर्जनी आणि अंगठा यांच्या मधून.